किल्लारीच्या नातीला भूभौतिकी शिकायची आहे

*नमस्कार मॅडम. मी औसा तालुक्यातली. लातूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, फिजिक्स आणि गणित घेऊन. माझ्या आजीचं माहेर किल्लारीजवळचं. १९९३ च्या भूकंपात तिचे दोन भाऊ आणि एक भावजय गेली. लहानपणापासून हे ऐकत आलेय आणि तेव्हापासून मनात आहे की, भूकंप आधी सांगता येईल असं काहीतरी शिकायचं. म्हणून जिओफिजिक्समध्ये एम.एस्सी. करायचा विचार आहे. बाबा म्हणतात बी.एड. कर, नाहीतर एमपीएससीचा क्लास लाव. मुलीने मशीन घेऊन रानोमाळ फिरायचं हे त्यांना पटत नाही. मामेभावाच्या ओळखीचा एक एजंट म्हणतो, थेट अमेरिकेत एम.एस. कर, कर्ज मी मिळवून देतो. आमची चार एकर कोरडवाहू आहे. पाणाड्याने दाखवलेल्या जागी दोन बोअर घेतले, दोन्ही फेल गेले. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठीतून झालंय. मला झेपेल का? कुठे शिकू? नोकरी लागेल का?*

बाळा,

तुझ्या पत्रातल्या सगळ्यात अवघड गोष्टीपासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरं तिच्यावर अवलंबून आहेत. अमुक तारखेला, अमुक गावी, एवढ्या तीव्रतेचा भूकंप होईल, असं आज जगात कुणालाही सांगता येत नाही. जपानला नाही, अमेरिकेला नाही, आपल्यालाही नाही. तू एम.एस्सी. केलीस, पुढे पीएच.डी. केलीस, तरी आजीला सांगता येईल अशी तारीख तुझ्या हाती येईल, याचं वचन कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. भाकिताच्या ओढीने या विषयात आलेली आणि दुसऱ्या सेमिस्टरला मन उडालेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. तुझं तसं होऊ नये.

पण तुझ्या आजीच्या माहेरी नक्की काय झालं, ते या विषयाच्या नजरेने एकदा बघ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. भूकंपाची तीव्रता ६.२. एवढा भूकंप जपानात झाला असता तर मृत्यू हातावर मोजण्याइतके असते. इथे दहा हजारांच्या घरात माणसं गेली. का? हादरा उथळ होता, गावांच्या जवळ होता, वेळ झोपेची होती आणि घरं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची, वर माळवदाचा मणामणाचा बोजा. त्या वेळच्या नकाशात हा सगळा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या झोनमध्ये होता. म्हणजे भूकंप होऊ शकतो, एवढीही तयारी कुणाच्या मनात नव्हती.

तारीख कळली नाही म्हणून ही माणसं गेली, असं मला वाटत नाही. जमिनीखाली काय आहे ते कुणी नीट मोजलं नव्हतं आणि घरं हादऱ्यासाठी बांधलेली नव्हती. यातलं पहिलं काम भूभौतिकीचं, म्हणजे तुझ्या जिओफिजिक्सचं आहे, आणि दुसऱ्या कामासाठी इंजिनिअरला जे आकडे लागतात तेही तिथूनच येतात. कोणती माती हादरा वाढवते, कुठे तो विरतो, शहरातल्या कुठल्या भागात इमारत कशी बांधायची, हे आज सांगता येतं. भूकंप झाल्यावर काही मिनिटांत त्याची जागा आणि तीव्रता काढता येते. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक सरकारी संस्थेत २००७ पासून त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र चालतं, ते याच ज्ञानावर.

किल्लारीला भूकंपानंतर संशोधकांनी ६१७ मीटर खोल छिद्र पाडलं. तेव्हा दिसलं की आपला काळा पाषाण तिथे साधारण ३४० मीटरच जाड आहे, त्याखाली थोडा गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन खडक. इकडे कोयनेजवळ गोठणे गावी ३ किलोमीटर खोल छिद्र पाडलं, तर तिथे हाच पाषाण सुमारे सव्वा किलोमीटर निघाला. कोयनेची गोष्ट तुला ठाऊक असेलच. डिसेंबर १९६७ मध्ये ६.३ चा भूकंप झाला, आणि शिवसागर जलाशयातल्या पाण्याने त्याला चालना दिली, असं आज जगभर मानलं जातं. तिथे अजूनही धक्के बसतात, तेही साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या एवढ्याशा पट्ट्यात. म्हणून तर कराडला केंद्र सरकारची बोअरहोल जिओफिजिक्सची खास प्रयोगशाळा उभी राहिली. तिथली माणसं भूकंपाची तारीख काढत बसत नाहीत. भूकंप जिथे जन्मतात त्या खोलीवर दगडावर किती ताण आहे, पाण्याचा दाब किती, तापमान किती, हे मोजायच्या मागे ती आहेत. कधी काळी भाकीत शक्य झालंच, तर ते अशा मोजण्यातून होईल. तोवर मोजत राहायची तयारी हवी.

आता तुझ्या बाबांच्या दोन कोरड्या बोअरकडे येते. त्यात मला तुझ्या पहिल्या प्रश्नाचं, झेपेल का याचं, उत्तर दिसतं.

जमीन विजेला किती रोध करते ते मोजून खाली पाणी आहे का याचा अंदाज घेतात, त्याला रेझिस्टिव्हिटी सर्वेक्षण म्हणतात. ते कसं करतात सांगते. शेतात एका सरळ रेषेत चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोघींमधला व्होल्टेज वाचायचा. उन्हाळ्यात माती इतकी कोरडी असते की वीज आत जातच नाही. मग खुंटीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतायचं. एक वाचन झालं की बाहेरच्या खुंट्या आणखी लांब न्यायच्या, रीळ उलगडत. खुंट्या जितक्या लांब, तितकी वीज खोल उतरते. शंभरेक मीटर खोलवरचं काही कळायला हवं तर दोन टोकांत काहीशे मीटर अंतर लागतं, म्हणजे शेजाऱ्याच्या रानातून जावं लागतं आणि त्याची परवानगी घ्यावी लागते. प्रत्येक वाचन लॉग कागदावर टिंब म्हणून मांडायचं. संध्याकाळपर्यंत एक वक्र तयार होतो.

त्या वक्रावर तुझं फिजिक्स कामाला लागतं. काळ्या मातीचा रोध अगदी कमी, घट्ट पाषाणाचा शेकड्यांत, आणि मधे कुठेतरी पाणी धरलेला मुरूम किंवा भेगाळलेला दगड. वक्र खाली वळला की मन म्हणतं, इथे पाणी. पण लाव्ह्याच्या दोन थरांमधली तांबडी चिकणमातीही वक्र असाच खाली वळवते, आणि तिच्यातून विहिरीला घोटभर पाणी येत नाही. वक्र एकच, पण त्याला बसणाऱ्या जमिनी दोन-तीन! त्यातली कुठली खरी हे ठरवायला शेजारची विहीर बघावी लागते, ओढ्याच्या कापात उघडे पडलेले थर बघावे लागतात, कधी दुसऱ्या पद्धतीने पुन्हा मोजावं लागतं. आणि इतकं करूनही आपल्या पाषाणात अंदाज चुकू शकतो, कारण पाणी देणारी भेग कधी कधी इतकी अरुंद असते की वरून दिसतच नाही. हेही बाबांना सांग. पाणाड्याच्या जागी मीटर आला म्हणून बोअरला पाणी लागेलच असं नाही. फरक एवढा की मीटरवाल्याची चूक कुठे झाली ते शोधता येतं आणि पुढच्या वेळी सुधारता येतं.

हेच चार खुंट्यांचं काम मोठं होत होत तेलाच्या शोधापर्यंत, पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत जातं. आत जाता येत नाही, बाहेरून मोजायचं, आणि मोजलेल्यातून आतलं चित्र बांधायचं. वापर विजेचा असो, लहरींचा, गुरुत्वाकर्षणाचा की चुंबकत्वाचा. मोजणं किती नाजूक असतं बघ, कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली. ती आजही चालू आहे. या गोष्टीचं मला आजही अप्रूप वाटतं. पावणेदोनशेहून जास्त वर्षं माणसं पिढ्यान्‌पिढ्या एक आकडा बिघडू नये म्हणून झटत आली.

तुला हे आवडेल का, ते माझ्या सांगण्यावरून ठरवू नकोस. करून बघ. कॉलेजच्या संगणकावर पायथॉन असेल, नसेल तर गूगल कोलॅबवर फुकट चालतं. त्यात ऑब्सपाय नावाचं भूकंपशास्त्राचं मोफत पॅकेज टाक. जगभरच्या शेकडो स्थानकांच्या नोंदी कुणालाही खुल्या आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतलं, म्हणजे एनजीआरआयमधलं, एचवायबी हे स्थानक फ्रान्सच्या जिओस्कोप जाळ्यात आहे. एखाद्या मध्यम भूकंपाची नोंद उतरवून घे. तिच्यात आधी पोहोचलेली पी लहर कुठे आहे आणि मागून आलेली एस कुठे, ते डोळ्यांनी शोध. जवळच्या भूकंपासाठी दोघींमधल्या सेकंदांना आठाने गुणलं की साधारण किलोमीटरमध्ये अंतर मिळतं. कोयनेचा धक्का हैदराबादला नोंदला गेला तर दोघींत मिनिटाच्या आसपास फरक दिसायला हवा. एस नेमकी कुठे सुरू होते हे गोंगाटात दिसणार नाही, चिडचिड होईल. फिल्टर बदलून पुन्हा बघशील. या लहरी नोंदींमध्ये पहिल्यांदा वेगळ्या ओळखल्या त्या ओल्डहॅम यांनी, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करताना, १८९७ च्या आसामच्या भूकंपाचा अभ्यास करून. त्याच वाटेने पुढे जात १९०६ मध्ये त्यांनी पृथ्वीला गाभा आहे हे दाखवलं. दोन-तीन संध्याकाळी यात गेल्या आणि जेवायची हाक ऐकू आली नाही, तर हा विषय तुझा आहे. कंटाळा आला तरी वाईट वाटून घेऊ नकोस. साधी फिजिक्सची एम.एस्सी. उत्तम आहे.

मराठी माध्यमाची काळजी सोड. फूरिये रूपांतर आणि लाप्लासचं समीकरण सगळ्यांना सारखंच अवघड जातं. इंग्रजी लागतं ते अहवाल लिहायला. त्यासाठी रोज एखादा आलेख समोर ठेवून त्यात काय दिसतं ते पाच-सहा ओळींत इंग्रजीत लिहायची सवय लाव. भूशास्त्र तुला येत नाही, ते मात्र शिकावं लागेल. सुट्टीत नांदेडला तुमच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलात जा, कुणा शिक्षकांना भेट, दगडांचे नमुने हातात घेऊन बघू द्या म्हण. फिजिक्सवाल्या मुलांना दगड ओळखता येत नाही आणि भूशास्त्रवाल्यांना गणिताची धास्ती. ज्याला दोन्ही थोडं थोडं येतं त्याचं पुढे बरं चालतं.

आता कुठे शिकायचं ते. तुझ्यासाठी मुख्य दार म्हणजे आयआयटीतल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा जॅम, फिजिक्सचा पेपर. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. यावर पवईच्या आयआयटीत अप्लाइड जिओफिजिक्सची दोन वर्षांची एम.एस्सी. आहे, धनबादला आणि खरगपूरलाही भूभौतिकी आहे. बहुतेक ठिकाणी फिजिक्सबरोबर गणित लागतं, ते तुझ्याकडे आहे. फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. लातूरमध्ये राहून परीक्षेची तयारी कशी करतात हे मी तुला काय सांगू! फक्त एक लक्षात ठेव, इथे पाठांतराला गुण नाहीत. गणिती पद्धती, यांत्रिकी, तरंग आणि विद्युतचुंबकत्व हे चार भाग घासून पक्के कर. तेच पुढे एम.एस्सी.त रोज लागतात.

जॅम साधली नाही तर बनारस हिंदू विद्यापीठ आहे, तिथे सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेतून जाता येतं. विशाखापट्टणमला आंध्र विद्यापीठात आणि हैदराबादला उस्मानियात जुने, नावाजलेले विभाग आहेत. उस्मानियाकडे तू नीट बघावंस असं मला फार वाटतं. लातूरहून हैदराबाद मुंबईपेक्षा खूप जवळ. एनजीआरआय, १९६१ पासून चालत आलेली ती संस्था, तिथून हाकेच्या अंतरावर आहे. एम.एस्सी.चा प्रकल्प तिथे करायला मिळाला तर दोन वर्षांत तू जे शिकशील ते कुठल्याही वर्गात मिळणार नाही.

विभाग निवडताना नावापेक्षा दोन गोष्टी विचार. फील्ड कॅम्प खरोखर होतो का, की कागदावरच? आणि उपकरणांना मुलांना हात लावू देतात का? ही उत्तरं माहितीपत्रकात मिळत नाहीत. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून विचार.

अमेरिकेच्या एजंटला नम्रपणे नाही म्हण. चार एकर कोरडवाहूवर कर्ज काढून एम.एस. करायला जायची काही गरज नाही. या विषयात परदेशी जायचा शहाणपणाचा रस्ता म्हणजे इथे एम.एस्सी. करून मग पीएच.डी.ला जाणं. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची फी सहसा माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचे पैसे महिन्याला मिळतात. युरोपात डेल्फ्ट, झुरिक आणि आखेन या तीन विद्यापीठांचा मिळून अप्लाइड जिओफिजिक्सचा सुंदर अभ्यासक्रम आहे. शिष्यवृत्ती मिळाली तरच त्याचा विचार कर. इथेच राहून सीएसआयआर-नेटमध्ये अर्थ सायन्सेसच्या पेपरात जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली, तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था, गोव्यातली समुद्रविज्ञानाची एनआयओ, हैदराबादची एनजीआरआय, सगळीकडे मग दार वाजवता येतं.

नोकरीबद्दल मात्र गोड बोलणार नाही. यूपीएससीच्या कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जिओफिजिसिस्टची पदं भरतात. तेल काढणारी सरकारी कंपनी ओएनजीसी बरीच वर्षं गेट परीक्षेतून घेत असे, आता कशी घेते ते त्या वर्षीच्या जाहिरातीत बघ. गेटमध्ये जिऑलॉजी-जिओफिजिक्सचा पेपर असतो आणि जिओफिजिक्सचा भाग वेगळा निवडता येतो. अणुखनिज संचालनालय आहे, खनिजं शोधणारी, नागपूरला मुख्यालय असलेली सरकारी कंपनी एमईसीएल आहे, केंद्राचं भूजल मंडळ आहे. पण या जागा दरवर्षी सारख्या निघत नाहीत. तेलाचे भाव पडले की खासगी कंपन्या भरती थांबवतात, २०२० मध्ये तेच झालं. एम.एस्सी. संपल्यावर वर्ष-दीड वर्ष परीक्षा देत थांबावं लागू शकतं, आणि घरी त्याची कल्पना आत्ताच द्यायला हवी. आणखी एक, जे सहसा कुणी आधी सांगत नाही. तुला पुढे कॉलेजात फिजिक्सची प्राध्यापक व्हायचं मनात असेल तर जिओफिजिक्सची पदवी तिथे अडचणीची ठरू शकते. त्या जागांना फिजिक्सची एम.एस्सी. मागतात. हे आज ठरव, दोन वर्षांनी नको. जमेची बाजू अशी की सिग्नल प्रोसेसिंग आणि पायथॉन पक्कं असलेली मुलगी सहसा रिकामी बसत नाही. मेट्रोच्या बोगद्यांपासून समुद्रातल्या पवनचक्क्यांपर्यंत जमिनीखालचं मोजून देणारी माणसं लागतात.

बाबांची काळजी खोटी नाही. कॅम्पवर ऊन असतं, मुक्काम आडगावी असतो, स्वच्छतागृहाची पंचाईत असते. मी हे सगळं केलंय आणि प्रत्येक वेळी सोपं होतं असं म्हणणार नाही. पण एकटीने कुणी रानात जात नाही, गट असतो, शिक्षक असतात, आणि वर्षातले बरेचसे दिवस संगणकासमोर जातात. बाबांशी वाद घालू नकोस. तालुक्यात रेझिस्टिव्हिटीवाला येत असेल किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं काम चालू असेल तर बाबांना सोबत घेऊन जा. त्यांना रीळ धरायला लाव. शेतकऱ्याला जमिनीखालचं कुतूहल तुझ्याइतकंच असतं, किंबहुना जास्तच, कारण त्यांचे पैसे त्या दोन छिद्रांत गेले आहेत. आणि बी.एड.ची वाट बंद होत नाही, ती एम.एस्सी.नंतरही करता येते, हेही सांग.

आजीला काय सांगायचं ते तू ठरव. मला विचारशील तर तिच्याकडून ती रात्र एकदा सविस्तर लिहून घे. कुठली भिंत कुठल्या दिशेला पडली, विहिरीचं पाणी आधी किंवा नंतर बदललं का, कुणाचं घर उभं राहिलं आणि ते कशाचं होतं. भूकंपानंतर संशोधक गावोगाव जाऊन असंच विचारतात, त्यावरून हादऱ्याच्या तीव्रतेचे नकाशे बनतात. तेव्हाची माणसं आता थकत चालली आहेत.

आणि या आठवड्यात एक काम कर. तू ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये येत असशील तर जॅमला केंद्र सरकारच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, राज्याचं चालत नाही, आणि ते कधीच्या तारखेचं हवं हे दर वर्षीच्या सूचनेत दिलेलं असतं. तहसीलला नेमका नमुना छापून घेऊन जा, नाहीतर ते सवयीने राज्याचाच देतील. तिथे वेळ लागतो, म्हणून फॉर्म निघायची वाट पाहू नकोस.